न ऐकता हललेली मान

मी ताईंच्या उजव्या कानातलं यंत्र बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे, माझं काम ऐकण्याचं. पण गेले काही महिने मला चैन नाही, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय ती पडेल असं वाटत नाही. तेव्हा आज तुम्ही ऐका, मी बोलतो.

माझा जन्म एका स्वच्छ, बंद खोलीत झाला. तिथे भिंगाखाली चिमट्यानं माझे बारीकसारीक अवयव जोडले गेले. तोवर मी कुणाचाच नव्हतो. मग कान तपासणाऱ्या बाईंनी ताईंच्या कानात मऊ लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद काढला आणि त्या साच्यावरून माझं अंग घडवलं. तेव्हापासून जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कानात मी बसत नाही. मला डोळे नाहीत. पण कानात राहून डोकं हललेलं मला कळतं. होकाराची मान कुठली आणि नकाराची कुठली, तेही कळतं.

ताई चाळीस वर्षं शिवणकाम करत आल्या. कपड्याचं माप द्यायला बायका यायच्या आणि माप देता देता बोलायच्या. ताईंच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे त्यांना नुसतं 'हं' म्हणता यायचं. पण त्या एका 'हं'वर त्यांनी सबंध संसार चालवला. 'हं?' म्हणजे मग पुढे काय झालं. लांबवलेला 'हंऽऽ' म्हणजे फार सोसलंस गं बाई. आणि तुटक 'हं' म्हणजे मला शेंड्या लावू नकोस. बायका म्हणत, ताईंपुढे उभं राहिलं की विसरलेलंसुद्धा आठवतं. एका बाहीच्या मापासाठी आलेली बाई तासभर हलायची नाही.

मग ताईंना ऐकू येईनासं झालं. दोन वर्षं त्यांनी ते लपवलं, असं मी पुढे ऐकलं. समोरच्याचे ओठ थांबले की 'हं' म्हणायचं आणि भुवया वर गेल्या की मान हलवायची, एवढ्या भांडवलावर त्या दिवस काढत होत्या. एकदा शेजारीण आपली आई गेल्याचं सांगत होती. ताईंना वाटलं, ती भाड्याची जागा सोडल्याचं सांगतेय. त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं, सुटलीस एकदाची." शेजारीण पुन्हा आली नाही. हळूहळू बाकीच्याही माप देऊन लगेच निघू लागल्या. ताई सुनेजवळ कुरकुरायच्या, "आजकाल लोक फार तुटक बोलतात." लोक तेच होते. 'हं' भलत्या जागी पडत होता, त्यामुळे बोलणाऱ्याची जीभ अडखळत होती.

शेवटी सुनेनं त्यांना हाताला धरून कान तपासणाऱ्या बाईंकडे नेलं, आणि मी या घरात आलो. त्याला आता चार वर्षं झाली.

कानात बसल्यावर मला माणसांची एक खोड कळली. गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडात असते हे अर्धंच खरं. एकदा ताई आपल्या मुलाला बाजारातला एक किस्सा सांगत होत्या. सकाळी सुनेला सांगताना तोच किस्सा असा रंगला होता की दोघींना ठसका लागला. मुलगा मात्र मोबाइलवर टकटक करत "हं, हं" करत होता. त्याचा 'हं' सगळीकडे सारखाच. ताईंचा आवाज बारीक होत गेला. गमतीची जागा आली आणि तशीच निघून गेली. मग ताईंनी ती पुन्हा सांगितली, त्यात गंमत काय होती हेही समजावलं, आणि शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे, तेव्हा हसू आलं होतं."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

ताईंना एक भाऊ आहे. त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. स्वतः चोपन्न वर्षांचा झाला तरी घरात त्याचं नाव धाकटाच. तो लिफ्टची देखभाल करतो. वीस वर्षं एकाच जोडीदाराबरोबर. दोघं एका डब्यातून जेवायचे, एकमेकांच्या घरच्या भांडणात मध्यस्थी करायचे. कामाच्या वेळी एक जण वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये आणि दुसरा खाली, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. नियम साधा होता. खालच्यानं बाहेर येऊन "झालं" म्हणून ओरडायचं. वरच्यानं "झालं का?" असं उलट विचारायचं. पुन्हा "झालं" आलं की मगच मुख्य स्विच चालू करायचा.

एके दिवशी जोडीदार खड्ड्यात असतानाच लिफ्ट खाली आली. पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला.

त्यानंतर चार महिने धाकटा ही हकिगत सांगत होता. ताईंच्या घरी पाहुण्यांपुढे, नातेवाइकांपुढे मीच ती आठ-नऊ वेळा ऐकली. "त्याचं 'झालं' ऐकलं. परत विचारलं. परत 'झालं' आलं. मग चालू केलं." दर वेळी तीच वाक्यं, त्याच क्रमानं, कडक इस्त्री केल्यासारखी. ऐकणारे उसासा सोडून म्हणत, "मग तू तरी काय करणार?" आणि गोष्ट तिथे संपायची. मला आता वाटतं, ती तिथेच संपावी म्हणून तशी बेतलेली होती.

जोडीदाराला त्या क्षणांचं काही आठवत नव्हतं. सगळे म्हणतात तर मीच आत असताना ओरडलो असेन, असं तोही म्हणू लागला होता. सोमवारी ऑफिसात चौकशी होती. चूक जोडीदाराची, असं लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या की फाइल बंद होणार होती आणि जोडीदाराचं काम जाणार होतं.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी, धाकटा एकटाच आला. सून कामावर गेली होती. खुर्ची करकरली. बराच वेळ तो नुसता घसा खाकरत राहिला. मग म्हणाला, "ताई, एक सांगायचंय. पण मध्ये बोलू नकोस. मध्ये थांबलो तर पुन्हा जमणार नाही."

"हं," ताई म्हणाल्या.

आणि नेमका तेव्हा माझा सेल संपत आला.

सेल संपायच्या आधी मी इशारा देतो. तीनदा टुक् टुक् वाजतो. मी वाजलो. ताईंनी ऐकलं, कारण त्यांची मान किंचित दचकली. नवे सेल टेबलाच्या खणात होते, दोन पावलांवर. पण त्या उठल्या असत्या तर धाकटा म्हणाला असता, "राहू दे, काही विशेष नाही." भाऊ पाळण्यात असल्यापासून त्या त्याला ओळखत होत्या. त्या उठल्या नाहीत. मी पुन्हा वाजलो. त्या बसून राहिल्या. मला ऐकू आलेलं शेवटचं वाक्य होतं, "त्या दिवशी वर मी एकटाच होतो, आणि..."

त्यापुढे मी नव्हतोच. सेल नसला की माझ्यासाठी जग नसतं.

नवा सेल बसला तेव्हा धाकटा निघून गेला होता आणि सून घरी आली होती. ताई तिला सांगत होत्या, "तासभर बोलला गं. खाली बघून, तोंडावर हात धरून. ओठसुद्धा दिसेनात. मी आपली मान हलवत राहिले."

"आणि मग?"

"शेवटी वर बघितलं आणि काहीतरी विचारलं."

"काय विचारलं?"

"तेच तर माहीत नाही. मी हो म्हटलं."

"आई, कशाला हो म्हटलंत ते तुम्हालाच माहीत नाही?"

ताईंनी खण लोटून बंद केला. मग म्हणाल्या, "माझा हात घट्ट धरला त्यानं. पाणी प्यायला आणि गेला. हलका होऊन गेला गं."

शुक्रवारभर शिवणयंत्र सुरू व्हायचं आणि हातभर शिवून थांबायचं. ताईंनी डावी बाही उजवीकडे जोडली, उसवली आणि परत तशीच जोडली. बोटात सुई गेली. मधूनच त्या पुटपुटायच्या, "कशाला हलवली मी मान?" मी नुसता त्यांच्या रक्ताची धडधड ऐकत होतो.

शनिवारी सुनेनं धाकट्याच्या बायकोला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून ताईंच्या कानाशी धरला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग पलीकडून ती आपणहून म्हणाली, "तुमच्याकडून आल्यापासून जरा माणसात आलेत. जेवलेही नीट. म्हणाले, ताईचंही तेच म्हणणं पडलं. झालं गेलं उकरायचं नाही, सोमवारी सही करून मोकळं व्हायचं."

फोन बंद झाला.

"फोनवरच सांगून टाका ना त्यांना," सून म्हणाली.

"फोनवर नको. माझं तोंड त्याला दिसायला हवं."

रविवारी धाकटा एका सातमजली इमारतीत कामाला होता. ऑफिसं बंद, लिफ्टही बंद, कारण तीच तर तो दुरुस्त करत होता. अडुसष्ट वर्षांच्या ताई सात मजले चढल्या. प्रत्येक वळणावर कठड्याला हात लागल्याचा आवाज यायचा आणि त्या स्वतःशी म्हणायच्या, "चल, अजून एक." वरचा लोखंडी दरवाजा कुरकुरला. पाना ठेवल्याचा आवाज आला.

"ताई? तू इथे? जिन्यानं आलीस?"

"आधी ते यंत्र बंद कर. मला नीट ऐकायचंय."

मोटरची घरघर थांबली. ताई कशावर तरी टेकल्या.

"गुरुवारी तू काय बोललास ते मी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "माझा सेल संपला होता."

धाकट्यानं पाना पुन्हा उचलला. मग म्हणाला, "काहीच नाही?"

"'वर मी एकटाच होतो' इथपर्यंत."

"मग मान कशाला हलवत होतीस? सबंध वेळ?"

"तू बोलायचा थांबशील म्हणून."

पाना हत्यारांच्या पेटीत आदळला. "चार महिने मी कुणाशी बोललो नव्हतो, ताई. तुझ्याशी बोललो. मी विचारलं, हे उकरून आता काय उपयोग, गप्प बसलेलं बरं ना. तू हो म्हणालीस. त्या 'हो'वर मी तीन दिवस झोपलो."

"चुकले मी," ताई म्हणाल्या. "आता परत सांग."

"नाही जमणार."

"मी बसलेय."

तो येरझाऱ्या घालत राहिला. फटीतून वारा यायचा आणि मी बारीक शीळ घालायचो. मला स्वतःचाच राग येत होता. अखेर तो सांगू लागला. तीच इस्त्रीची वाक्यं. "त्याचं 'झालं' ऐकलं. परत विचारलं..."

ताईंची मान हलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती अशी स्थिर होती. 'हं'ही आला नाही.

"काय विचारलंस?" त्या म्हणाल्या. "शब्द सांग."

"'झालं का?' असं."

"मोठ्यानं?"

धाकट्याची पावलं थांबली.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"विचारलंच नाही, ताई. दुसऱ्या इमारतीतून फोन आला होता, कुणी बाई लिफ्टमध्ये अडकली होती. मला घाई होती. खालून त्याचा आवाज आला. नुसता आवाज. शब्द कळला नाही. मला 'झालं' हवं होतं, म्हणून ते 'झालं'च आहे असं मी धरलं."

ताई म्हणाल्या, "माझ्यासारखंच केलंस."

त्यावर तो रडला असावा. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हे मी गुरुवारी सांगितलं नव्हतं तुला."

"मग तासभर काय सांगत होतास?"

"फोन आलेला, घाई, त्याची किंकाळी, सगळं. पण विचारलं नाही, एवढं सोडून. तू इतकी मान हलवत होतीस की मला वाटलं, हिला कळलंच आहे. मग तोंडानं कशाला बोलायचं?"

हे ऐकलं आणि मी आतून हललो. तीन दिवस मला वाटत होतं की माझ्या गैरहजेरीत खरी गोष्ट सांगितली गेली आणि मी ती गमावली. ती सांगितली गेलीच नव्हती.

दोघं तिथून थेट जोडीदाराच्या घरी गेले. धाकट्यानं उभ्या उभ्या सांगितलं. जोडीदारानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी 'झालं' म्हणालो नव्हतो?"

"माहीत नाही. मी शब्द ऐकला नाही."

"मग मी काय ओरडलो होतो?"

"माहीत नाही रे."

"चार महिने सगळे मला सांगतायत, तू 'झालं' म्हणालास. परवापरवापासून मला तसं आठवायलासुद्धा लागलं होतं." खाटेची फळी वाजली, त्यानं कूस बदलली असणार. "तू जा आता."

सोमवारी धाकट्यानं खरा जबाब दिला. त्याला लिफ्टवरून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. जोडीदाराची नोकरी राहिली, बसून करायचं काम मिळालं. माणसं म्हणाली, चला, मिटलं. पण कसलं मिटलं? वीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं एकमेकांची चौकशी तिसऱ्याकडे करू लागली. धाकटा यायचा आणि खुर्चीत नुसता चुळबुळत बसायचा. ताई विचारायच्या, "गेला होतास त्याच्याकडे?" तो म्हणायचा, "जाईन."

असे तीन महिने गेले. गेल्या शुक्रवारी सकाळी जिन्यात काठीचा आवाज आला. जोडीदार पँट घेऊन आला होता. ताठ गुडघ्यावर पट्टा बांधावा लागतो, पँट त्यावरून चढत नाही, एका पायाला सैल करून द्या, म्हणाला. ताईंनी त्याला उभं केलं आणि टाचण्या तोंडात धरल्या. दातांवर त्यांची किणकिण मला ओळखीची आहे.

"लोक भेटतात ना, ताई," तो म्हणाला, "मी तोंड उघडायच्या आतच 'अरेरे' करतात. पुढचं सांगायला जागाच ठेवत नाहीत."

"हं," ताई म्हणाल्या. साधा, सरळ 'हं'.

"म्हणजे त्यात हसण्यासारखंही होतं. पण त्या चेहऱ्यांपुढे हसायचं कसं?"

"हं?"

"चष्मा हरवला होता माझा. खड्ड्यात. वंगण, अंधार, आणि मी गुडघ्यांवर रांगत सगळा तळ चाचपून काढला. एक उंदीर मला बघून पळाला. म्हटलं, बाबा रे, तुला दिसला असेल तर सांगून तरी जा."

टाचण्यांमधून ताईंना फुस्सकन हसू आलं. तो त्याहून मोठ्यानं हसला. पुढे सांगू लागला, आता हातवारे करत असावा, कारण ताईंनी "हंहं" करून त्याला सरळ उभं केलं.

"आणि चष्मा कुठे असावा? माझ्याच मागच्या खिशात. असा बाहेर काढला आणि ओरडलो..."

तो थांबला.

ताईंनी एकेक टाचणी तोंडातून काढून डबीत टाकली. घाई केली नाही. सगळ्या टाकून झाल्यावर विचारलं, "काय ओरडलास?"

"'सापडला'," तो म्हणाला. "ताई, मी 'सापडला' असं ओरडलो होतो."

"नक्की?"

"दवाखान्यात माझी मूठ उघडून चष्मा काढावा लागला होता. नर्स म्हणाली होती. मुठीत चष्मा कशाला होता, हे मला कुणी विचारलंच नाही. मलाही सुचलं नाही." तो धपकन खुर्चीत बसला. "म्हणजे 'झालं' नव्हतं. पण खड्ड्यातून भलतंच ओरडलो तो मीच. तसं ओरडायचं नसतं."

ताईंनी डबीचं झाकण लावलं.

"त्याला तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार. मी सांगितलं की ती माझी गोष्ट होते. पँट गुरुवारी तयार होईल. तेव्हा त्याला बोलावू का?"

काठी दोनदा जमिनीवर टेकली गेली, उठायचं की नाही ते ठरत नसल्यासारखी. "बोलवा," तो म्हणाला.

आज बुधवार आहे. माझं म्हणाल तर माझ्या अंगाला तडा गेलाय. वयाबरोबर कानही बदलतो, म्हणे. आता मी ताईंना सैल होतो आणि भलत्या वेळी शीळ घालतो. पुढच्या महिन्यात त्यांच्यासाठी नवं यंत्र येणार आहे. मग मी कुठल्याशा डबीत, बटणांच्या संगतीत. त्याची तक्रार नाही. उद्याचा दिवस तेवढा नीट ऐकू यावा, इतकीच धाकधूक आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. समोर कुणी जीव गोळा करून बोलायला बसलं आणि त्याचं एखादं वाक्य तुमच्याकडून निसटलं, तर मान हलवू नका. "ऐकलं नाही, परत सांग" म्हणा. तो वैतागेल, कदाचित उठूनही जाईल. जाऊ दे. परत येईल तेव्हा निदान खरं काय ते घेऊन येईल.

मघाशी धाकट्याचा फोन आला होता. येतो म्हणाला. मग विचारलं, "ताई, तो काय सांगणार आहे?"

"मला नको विचारूस," ताई म्हणाल्या. "उद्या त्यालाच विचार. मोठ्यानं विचार."